एडिटिंग करताना सॉफ्टवेअर बंद पडतंय? ग्राफिक्स ड्रायव्हर तपासायची आणि बदलायची पद्धत

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे लग्नांचा सीझन सुरू होतो आणि मे संपेपर्यंत चालतो. त्यात मध्येच आंगणेवाडीची जत्रा, शिमग्याच्या पालख्या, दशावताराचे प्रयोग, आणि आता तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांची ड्रोनची आणि पाण्याखालची शूटिंगं. कुडाळ, कणकवली, चिपळूण, गुहागर, कुठेही जा, माडीवरच्या खोलीत दोन मॉनिटर लावून व्हिडिओ जोडत बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी भेटतेच. या मंडळींची नेहमीची तक्रार एकच: "प्रीमियर आपोआप बंद पडता, काय झाला ता कळना नाय."

तक्रार येईपर्यंत निम्म्या लोकांनी विंडोज फॉरमॅट मारलेलं असतं, उरलेल्यांनी ग्राफिक्स कार्डाचा 'सगळ्यात नवा' ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यात दुभाष्याचं काम करणारं सॉफ्टवेअर, टाकलेला असतो. दोन्ही घाईचे उपाय. ड्रायव्हरचा दोष खूपदा असतो हे खरं, पण आधी तो सिद्ध करावा लागतो. आणि सिद्ध झाल्यावरही आपल्याला नवा ड्रायव्हर नको असतो, सीझन पार पडेपर्यंत न अडखळता चालणारा हवा असतो. तो नवा असेल, कधी सहा महिन्यांपूर्वीचाही असेल. हा लेख विंडोजवर प्रीमियर प्रो किंवा डाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्या नवख्यांसाठी आहे.

बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं

रंगसंगती, ट्रान्झिशन, फुटेज लहान-मोठं करणं, कॅमेऱ्याची दाबलेली फाईल उलगडणं, शेवटचं एक्स्पोर्ट, यातलं बरंचसं काम एडिटिंग सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतं. कार्डाशी बोलणं ड्रायव्हरमार्फत होतं. विंडोजचा एक नियम व्हिस्टापासून चालत आला आहे: कार्डाने दिलेल्या कामाला साधारण २ सेकंदांत दाद दिली नाही, तर ते अडकलंय असं समजून विंडोज ड्रायव्हरच पुन्हा सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत येते. डेस्कटॉप वाचतो, पण ज्या सॉफ्टवेअरचं काम कार्डावर चालू होतं त्याच्या हातातलं सगळं गेलेलं असतं, म्हणून ते बंद पडतं.

म्हणजे प्रश्न असा: कार्डाने वेळेत उत्तर का दिलं नाही? ड्रायव्हर बिघडलेला असेल, कार्ड तापलं असेल, त्याची मेमरी भरली असेल, वीज कमी पडली असेल. चारही वेळा वरून दिसणारं चित्र एकच.

पहिली पायरी: काम सुरक्षित करा

काहीही हात लावण्याआधी प्रोजेक्टची प्रत काढा. प्रीमियरमध्ये 'सेव्ह अ कॉपी' आहे, शिवाय ऑटो-सेव्हचं फोल्डर कुठे आहे तेही बघून ठेवा. रिझॉल्व्ह प्रोजेक्ट आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतं, साधी फाईल दिसत नाही. तिथे प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर उजवी क्लिक करून 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' करायचं आणि ती फाईल पेन ड्राइव्हवर टाकायची. एक सावधगिरी: सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही. नवरीकडच्यांना परवा व्हिडिओ द्यायचा असेल, तर आज सॉफ्टवेअर अपडेट करू नका.

दुसरी पायरी: कधी बंद पडतं ते टिपून ठेवा

कागदावर लिहा, खरंच. टाइमलाइनवर दर वेळी त्याच जागी बंद पडतं का? मग तिथली क्लिप, इफेक्ट किंवा प्लगइन संशयित. ती क्लिप काढून बघा. कुठेही, केव्हाही बंद पडत असेल तर ड्रायव्हर, उष्णता किंवा वीज. फक्त एक्स्पोर्टला बंद पडत असेल तर कार्डाचा एन्कोडर, म्हणजे फाईल दाबून बनवणारा भाग. फक्त ड्रोनचं किंवा मोबाईलचं फुटेज टाकल्यावर बंद पडत असेल तर फाईल उलगडणारा भाग, म्हणजे डीकोडर. आणि नुसतं सॉफ्टवेअर नाही तर अख्खा पीसी एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर पॉवर सप्लाय आणि तापमान आधी बघा. ड्रायव्हरचा नंबर नंतर.

तिसरी पायरी: विंडोजने लिहून ठेवलेलं वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरी माहिती इथेच असते.

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाईप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. दिवसवार तक्ता दिसेल, ज्या दिवशी बंद पडलं तिथे लाल फुली असेल. त्यावर क्लिक करून तांत्रिक तपशील उघडा आणि 'फॉल्ट मॉड्यूल नेम' ही ओळ शोधा. तिथल्या फाईलचं नाव 'एनव्ही' या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती एनव्हिडियाची, 'एटीआय' किंवा 'एएमडी' असेल तर एएमडीची, 'आयजी' असेल तर बहुधा इंटेलची. त्याऐवजी एखाद्या प्लगइनचं नाव निघालं तर ड्रायव्हरचा नाद सोडा आणि आधी ते प्लगइन काढून बघा.

आता इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'विंडोज लॉग्ज' आणि त्यात 'सिस्टीम'. बंद पडलं त्या वेळेच्या आसपास 'डिस्प्ले' या नावाने ४१०१ नंबरची नोंद सापडली, तर वर सांगितलेला २ सेकंदांचा प्रकार घडला आहे. 'कर्नल-पॉवर' ४१ ची नोंद असेल तर पीसी नीट शटडाऊन न होता गेला: वीज गेली, पॉवर सप्लायने मान टाकली, किंवा कोणी बटण दाबून धरलं. आमच्याकडे जून लागला की ही दुसरी नोंद ढिगाने सापडते, आणि तिच्यासाठी लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

निळी स्क्रीन येऊन त्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं दिसलं असेल (टीडीआर म्हणजे वरचाच २ सेकंदांचा नियम), तर विंडोजने ड्रायव्हर पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला पण तो उठलाच नाही, असा अर्थ घ्या.

चौथी पायरी: कार्ड बाजूला ठेवून बघा

प्रीमियरमध्ये फाइल, प्रोजेक्ट सेटिंग्ज, जनरल असं जा. 'रेंडरर' तिथे असतो. तो जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) ॲक्सिलरेशनवरून 'सॉफ्टवेअर ओन्ली' करा. सगळं हळू चालेल, चिडू नका. ज्या कामात हमखास बंद पडत होतं तेच काम आता करून बघा. बंद पडलं नाही, तर दोष कार्डाच्या रस्त्यावर आहे. तरीही पडलं, तर ड्रायव्हरवरचा संशय बराच कमी झाला.

मग रेंडरर पूर्ववत करा आणि प्रेफरन्सेसमध्ये 'मीडिया'त जाऊन हार्डवेअर डीकोडिंगची खूण काढा, प्रीमियर बंद करून पुन्हा सुरू करा. इथे लॅपटॉपवाल्यांनी नीट लक्ष द्यावं. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरच्या आतलं इंटेल किंवा एएमडीचं आणि वेगळं एनव्हिडियाचं. प्रीमियर दोन्हीची नावं स्वतंत्र खुणांसह दाखवतं. एकेक खूण काढून बघा. कॅमेऱ्याची फाईल उलगडायचं काम खूपदा इंटेलच्या भागाकडे असतं. सोनीच्या कॅमेऱ्यांमधलं १० बिट, ४:२:२ एचईव्हीसी (एच.२६५) फुटेज, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार, तर आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची एनव्हिडिया कार्डं हार्डवेअरमध्ये उलगडतच नाहीत, इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या आतल्या ग्राफिक्सला ते जमतं. त्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर सतरा वेळा बदलूनही फरक पडत नाही, कारण आजारी असतो इंटेलचा. नावात 'एफ' असलेला इंटेल प्रोसेसर, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, असेल तर आतलं ग्राफिक्स नसतंच. मग हा प्रश्न आपोआप मिटला.

एक्स्पोर्टला अडत असेल तर एक्स्पोर्टच्या खिडकीत 'हार्डवेअर एन्कोडिंग'ऐवजी 'सॉफ्टवेअर' निवडा. वेळ जास्त जाईल, पण डेडलाइनच्या रात्री हा उपाय तारून नेतो. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करता येते.

रिझॉल्व्हला कार्डाशिवाय चालवण्याची अशी सोय नाही, ते कार्डावरच जगतं. तिथे प्रेफरन्सेस, सिस्टीम, 'मेमरी अँड जीपीयू' उघडा आणि 'ऑटो' काढून योग्य कार्ड हाताने निवडा. तिथेच प्रोसेसिंग मोडमध्ये एनव्हिडियासाठी क्युडा, एएमडीसाठी ओपनसीएल निवडा. 'जीपीयू मेमरी फुल' असा संदेश येत असेल तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. ४ जीबीच्या कार्डावर ४के टाइमलाइन आणि त्यावर नॉइज रिडक्शन लावलं तर मेमरी भरणारच. टाइमलाइन १०८०पी करा, प्रॉक्सी म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती बनवा.

पाचवी पायरी: योग्य ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा

'आधी' या शब्दावर माझा जोर आहे. जुना ड्रायव्हर काढून टाकला आणि मग नेट गेलं, असं होऊ देऊ नका. एनव्हिडियाची फाईल शेकडो एमबींची असते. खेड्यात रेंज मिळायला सड्यावर जावं लागत असेल तर सकाळीच तालुक्याच्या गावात जाऊन पेन ड्राइव्हवर घेऊन या.

एनव्हिडियाकडे दोन प्रकार मिळतात, 'गेम रेडी' आणि 'स्टुडिओ'. स्टुडिओ ड्रायव्हर २०१९ पासून दिले जातात आणि एडिटिंग, थ्रीडी वगैरे सॉफ्टवेअरवर तपासून काढलेले असतात. आपल्याला स्टुडिओच हवा. एएमडीच्या साध्या रेडिऑन कार्डाला 'ॲड्रेनलिन' घ्या, आणि साइटवर 'रेकमेंडेड' असं लिहिलेली आवृत्ती असेल तर तीच; 'ऑप्शनल' नको. इंटेलचा इंटेलच्या साइटवरून. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर बघा. जुना असला तरी त्या मशीनवर तपासलेला असतो. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो' म्हणणारी सॉफ्टवेअरं मुळीच घेऊ नका.

एकाच वेळी दोन फाइली उतरवा: आताची स्थिर आवृत्ती आणि तिच्या चार-सहा महिने आधीची. पहिलीने भागलं नाही तर दुसरी हाताशी हवी.

आता जुन्या कार्डांविषयी, कारण कोकणातल्या कित्येक पीसींत लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं आणि तुतारी एक्स्प्रेसने आलेलं सेकंड हँड कार्डच बसवलेलं असतं. जीटीएक्स ९०० आणि १०००च्या मालिका, म्हणजे १०५० टीआय, १०६० वगैरे, यांना एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमित नवे ड्रायव्हर देणं थांबवलं. ५८० ही त्यांची शेवटची शाखा (५८०ने सुरू होणारे ड्रायव्हर नंबर), पुढे २०२८च्या ऑक्टोबरपर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. जीटी ७१० तर ४७०च्या शाखेवरच अडकलेलं आहे. अशा कार्डावर एडिटिंग सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती टाकली की ती नव्या ड्रायव्हरची मागणी करते, जो मिळणारच नाही. तिथे उलटं करायचं: कार्ड आहे ते ठेवा आणि सॉफ्टवेअरची जुनी, त्याच काळातली आवृत्ती वापरा. कार्ड विकत घ्यायच्या बेतात असाल तर जीटीएक्स १६५० किंवा त्यापुढचं घ्या. त्याखालचं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

आणि क्रॅक केलेलं प्रीमियर वापरत असाल, तर या लेखातल्या कुठल्याच चाचणीचा भरवसा देता येत नाही. ते स्वतःच कुठे तोडलेलं आहे कोणास ठाऊक. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लग्नाच्या कामाला पुरून उरते, तिच्यावर या.

सहावी पायरी: स्वच्छ इन्स्टॉल

आधी सोपा रस्ता. परवापर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बिघडलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॉप्टर्स, कार्डावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण पुसट असेल तर मागची आवृत्ती शिल्लक नाही.

मग मधला रस्ता. एनव्हिडियाचा इन्स्टॉलर सुरू करून 'कस्टम' निवडा आणि 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करा. एएमडीच्या इन्स्टॉलरमध्ये 'फॅक्टरी रीसेट' असतं. बहुतेकांचं काम इथेच होतं.

त्यानेही झालं नाही किंवा एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं असेल, तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' लागेल. लोक त्याला डीडीयू म्हणतात. जुना पापुद्रा न खरवडता भिंतीवर नवा रंग लावला तर तो जसा फुगतो, तसे जुन्या ड्रायव्हरचे उरलेले तुकडे नव्याला त्रास देतात. डीडीयू ते खरवडून काढतं. क्रम असा ठेवा.

डीडीयू त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर डिस्क बहुधा एन्क्रिप्ट केलेली असते, आणि सेफ मोडमध्ये जाताना विंडोज बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर लिहून ठेवा. खात्याचा पासवर्डही आठवून ठेवा, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. मग नेट तोडा: केबल काढा, वायफाय बंद करा. हे केलं नाही तर जुना ड्रायव्हर निघताच विंडोज स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर मागच्या दाराने आणून बसवतं.

शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा. सेफ मोड उघडेल. डीडीयूमध्ये 'जीपीयू' आणि आपली कंपनी निवडा, 'क्लीन अँड रीस्टार्ट' दाबा. पीसी पुन्हा सुरू झाल्यावर अक्षरं मोठी आणि बटबटीत दिसतील, घाबरू नका. पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हर टाका, पुन्हा एकदा रीस्टार्ट करा, मगच नेट जोडा.

सातवी पायरी: बसवलेला टिकवा

प्रीमियरमध्ये मीडिया कॅश, म्हणजे त्याने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, रिकामी करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन एडिटिंग सॉफ्टवेअरला 'हाय परफॉर्मन्स' द्या, नाहीतर लॅपटॉप कधीकधी त्याला आतल्या ग्राफिक्सवर ढकलतो. डेस्कटॉपवाल्यांनी मागे वाकून बघावं, मॉनिटरची केबल कार्डाला जोडलीय की मदरबोर्डाला. हसू नका, असे कितीतरी पीसी दिसतात. स्क्रीन रेकॉर्ड करणारे ओव्हरले, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या वर चालणारी छोटी सॉफ्टवेअरं, बंद ठेवा.

मग चौथ्या पायरीत ज्या कामात बंद पडत होतं तेच काम, तीच क्लिप, तेवढाच वेळ चालवा. नुसतं उघडून बघितलं आणि 'चालतंय' म्हटलं, असं नको. अर्ध्या तासाचं खरं एक्स्पोर्ट करून बघा. ते पार पडलं तर ड्रायव्हरचा इन्स्टॉलर 'चालतो' असं नाव देऊन जपून ठेवा. विंडोज तो परस्पर बदलू नये म्हणून ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमध्ये हार्डवेअर, 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' इथे 'नो' निवडा. विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मधल्या ड्रायव्हरला खूण करू नका. पुढचा ड्रायव्हर बदल पावसाळ्यात, हातात काम नसताना.

ड्रायव्हर निर्दोष निघाला तर

देवगड, वेंगुर्ला, हर्णै, समुद्राच्या अगदी काठावर घर असेल तर खारी हवा पीसीच्या आत पोचतेच. कार्डाच्या सोनेरी पट्टीवर आणि रॅमच्या दातांवर डाग चढतात, जोडणी ढिली पडते, आणि लक्षणं हुबेहूब ड्रायव्हरच्या बिघाडासारखी दिसतात. पीसी बंद करून प्लग काढा, कार्ड बाहेर घ्या, पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, घट्ट बसवा. पंख्यात साठलेली ओलसर धूळ ब्रशने काढा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये बहुतेक वेगळ्या कार्डांचं तापमान दिसतं. एक्स्पोर्ट चालू असताना ते चढत चढत एका आकड्यावर पोचतं आणि दर वेळी तिथेच बंद पडतं असं दिसलं, तर थर्मल पेस्ट बदलायची वेळ झाली.

विजेचंही तसंच. घरच्या इन्व्हर्टरवर फ्रिज आणि पंख्यांसोबत एडिटिंगचा पीसी लावू नका. कार्डाला एकदम जास्त वीज लागते तेव्हा तो झटका त्याला झेपत नाही. वेगळा यूपीएस घ्या, आणि पॉवर सप्लाय नाव नसलेल्या कंपनीचा असेल तर कार्डावर पैसे घालण्याआधी तो बदला.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'टीडीआर डिले' वाढवून २ सेकंदांची मुदत लांबवण्याचा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेलच. खरोखर जड इफेक्टमुळे कार्डाला वेळ लागत असेल तर त्याने बंद पडणं थांबतं. पण कार्ड तापून किंवा मरायला टेकून अडकत असेल, तर फक्त गोठलेली स्क्रीन जास्त वेळ बघावी लागते. वरचं सगळं करून झाल्यावरच तिकडे वळा, आणि बदल करण्याआधी रजिस्ट्रीची प्रत काढा.

दोन वेगवेगळे ड्रायव्हर स्वच्छ बसवूनही ४१०१ची नोंद येतच राहिली, तर कार्ड ओळखीच्या दुसऱ्या पीसीत लावून तेच एक्स्पोर्ट चालवा. तिथेही बंद पडलं तर कार्ड वॉरंटीत आहे का बघा. दुकानात नेताना रिलायबिलिटीच्या पानाचा फोटो, दोन्ही ड्रायव्हरचे नंबर, पॉवर सप्लायवरचं लेबल आणि दुसऱ्या पीसीवरच्या चाचणीचा निकाल सोबत न्या, म्हणजे काउंटरवरचा माणूस तुम्हाला पुन्हा फॉरमॅट मारायला सांगणार नाही.